ऑर्व्हिल गप्प बसला तो दिवस

ऑर्व्हिलच्या आडनावातच इंग्रजीने त्याची खोड काढून ठेवली होती. म्हणायचं डिलबो, पण लिहायला दहा अक्षरं, आणि त्यातली शेवटची तीन म्हणजे लग्नातले लांबचे पाहुणे: काम काडीचं नाही, पण वगळलं तर रुसवा. बँकेतली बाई त्याला डिलबफ म्हणायची, दवाखान्यातली डिलबॉग. लहानपणापासून हे ऐकत आलेला माणूस एक तर उच्चारांचा नाद सोडतो, नाहीतर जन्मभर लोकांचे उच्चार सुधारत बसतो. ऑर्व्हिलने काय केलं हे त्याच्या बायकोला विचारावं. पण बायको सध्या बोलत नव्हती, आणि गोष्ट तिचीच आहे.

कॅनडात ओंटारिओतल्या टॅलिस कॉर्नर्स गावात बर्फ उडवायची यंत्रं बनवणारा कारखाना होता, आणि यंत्राच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका येते ती ऑर्व्हिल लिहायचा. त्यावर लिहिणाऱ्याचं नाव नसतं. ती कुणी वाचतही नाही, पण हे त्याच्यासमोर बोलायची कुणाची छाती नव्हती. एकच शब्द दोन पानांवर दोन तऱ्हांनी लिहिलेला दिसला की त्याचं पित्त खवळायचं. कॅनडाची इंग्रजी म्हणजे दोन सासवांची एकुलती सून. रंगाचं स्पेलिंग लंडनच्या सासूच्या मर्जीने, टायरचं अमेरिकेच्या. कुठल्या शब्दाला कुठली सासू, हे ऑर्व्हिलने एकदाच ठरवून भिंतीवर लावून टाकलं होतं, आणि त्याच्यापुढे कुणाची टाप नव्हती.

"नियम कुठला का असेना, एकच पाहिजे," तो म्हणायचा. "गिऱ्हाईक गोंधळलं की बोट गमावतं."

हे खरंही होतं. तऱ्हेवाईक माणसाचं हेच वाईट असतं, अर्ध्या वेळा त्याचं बरोबर निघतं.

पण हाच नियम तो घरी घेऊन जायचा, आणि तिथे बेरिल होती. ती कॅनडाच्या पूर्व टोकाच्या न्यूफाउंडलंड बेटावरची, समुद्रकाठच्या चार घरांच्या वस्तीतली. तिकडची बोलीच निराळी. मराठीत सांगायची तर 'आनि-पानी' अशीच सांगावी लागेल, आणि पाण्याला पानी म्हणणाऱ्याकडे आपण ज्या नजरेने बघतो त्याच नजरेने ओंटारिओ तिच्याकडे बघायचं. बेरिलला त्याचं काही नव्हतं. तिला बोलायला आवडायचं, आणि ती बोलायला लागली की माणसं हातातलं काम टाकून ऐकायची. एकटा ऑर्व्हिल ऐकायचा नाही. तो तपासायचा.

नाताळच्या आधी चर्चच्या जेवणात तेच झालं. बेरिल तिच्या वडिलांच्या होडीची गोष्ट सांगत होती. समुद्रात धुकं दाटलेलं, इंजिन बंद पडलेलं, सगळं टेबल काटेचमचे खाली ठेवून ऐकत होतं. पाद्रीबुवांचा तर बटाटा काट्यावरच थांबला होता. गोष्ट ऐन टोकाला आली आणि बेरिल म्हणाली, "तवा आई म्हनाली, अवो, हे पुस्तक–"

"म्हणाली," ऑर्व्हिल म्हणाला. "ण, बेरिल. जीभ जरा मागे."

बेरिलने त्याच्याकडे बघितलं. मग वाटाण्यांचं भांडं शेजारणीकडे सरकवलं आणि ती गप्प बसली. पुढे काय झालं, असं पाद्रीबुवांनी दोनदा विचारलं. "काही नाही," ती म्हणाली, आणि त्या दोन शब्दांत सुधारण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर घरात तिच्या तोंडून 'हो', 'नाही' आणि 'बघू' एवढंच यायचं. पहिले काही दिवस ऑर्व्हिलला वाटलं, थंडी फार आहे. मग वाटलं, दाढ दुखत असेल. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण शब्द हाच ज्याचा धंदा, त्याला मार बसलाय हे कळायलासुद्धा वेळ लागतो. कळलं ते एका सकाळी, बेरिलने पेटी माळ्यावरून खाली काढली तेव्हा.

"शनिवारी ग्लॅडिसकडे जाते," ती म्हणाली. ग्लॅडिस तिची धाकटी बहीण, त्याच वस्तीत राहणारी.

"परत कधी?"

"बघू."

तिकीट फक्त जायचं होतं. ऑर्व्हिलने ते दोनदा उलटून पाहिलं. तो यंत्राबद्दल लिहायला बसला की वाक्यामागून वाक्य येई, आणि इथे एकही येईना. तो कामावर निघून गेला.

कामावर वेगळीच धांदल चालली होती. कारखान्याचा मालक गॉर्ड फेन्स्की याने ठरवलं होतं की यापुढे पुस्तिका बोलणार. बर्फात हातमोजे घालून पानं उलटता येत नाहीत, तेव्हा माणसाने फोन खिशात ठेवावा आणि फोनने एकेक पायरी वाचून दाखवावी. कल्पना चांगली होती. आधी ते काम संगणकाच्या आवाजाला दिलं, पण इंग्रजीत गुंडाळलेल्याचं आणि जखमेचं स्पेलिंग एकच, आणि तो आवाज बिचारा ठिकठिकाणी गुंडाळलेल्या तारेला जखमी करून मोकळा झाला. कुठला शब्द कसा म्हणायचा हे त्याला शिकवायला ऑर्व्हिलने टिपण करायला घेतलं. ते टिपण मूळ पुस्तिकेपेक्षा जाड झालं तेव्हा गॉर्डने कपाळावर हात मारला.

"तूच वाच बाबा," तो म्हणाला. "तुझ्याच आवाजात भरून टाक."

ऑर्व्हिलने वाचलं. मन लावून, एकेक अक्षर तासून वाचलं. आणि जाता जाता, गिऱ्हाइकाचं भलं व्हावं म्हणून, अवघड शब्दांचे उच्चारही समजावून दिले.

आता फक्त चाचणी उरली होती, आणि ती गुरुवारी ठरली. ही चाचणी म्हणजे या धंद्यातलं सत्त्वपरीक्षेचं प्रकरण. ज्याने ते यंत्र कधी हाताळलेलं नाही असा माणूस बोलवायचा, बंद खोकं त्याच्यापुढे ठेवायचं आणि सूचनांवरून त्याने ते जोडून सुरू करायचं. लिहिणाऱ्याने पिवळ्या रेषेमागे खुर्चीवर बसायचं आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. हूं नाही, चूं नाही. मागे एक जण नुसता खाकरला तर चाचणी बाद झाली होती. घरोघरी गिऱ्हाइकाशेजारी लेखक उभा नसतो, म्हणून हा नियम. समोरचा माणूस उलटा बोल्ट बसवत असतो आणि आपण हाताची घडी घालून बघत बसायचं. भल्याभल्यांना रडू फुटतं. यंत्र सुरू झालं की लेखकाला एक प्रश्न विचारायची मुभा. एकच. आणि मिळेल ते उत्तर गुमान घ्यायचं, वाद घालायचा नाही.

चाचणीला हार्डवेअरच्या दुकानातला लॉईड येणार होता. तो सकाळी स्वतःच्याच पायरीवर घसरला आणि पाय वर करून घरी पडला. गॉर्ड वैतागून येरझाऱ्या घालत होता. ऑर्व्हिलच्या हाताखाली बरीच वर्षं काम केलेली टॅम्सिन वॉयचिक चाचणीच्या शेडच्या दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याचा अंदाज घेत होती. तेवढ्यात बेरिल आली. ऑर्व्हिल घरी विसरलेला जेवणाचा डबा तिने टेबलावर ठेवला आणि काही न बोलता वळली.

"बेरिल," टॅम्सिनने हाक मारली, "तुम्ही कधी बर्फ उडवायचं यंत्र चालवलंय का?"

बेरिलने नकारार्थी मान हलवली. त्यांच्या घरचं यंत्र ऑर्व्हिल कुणाला हात लावू देत नसे.

"मग या चाचणीला बसता? तासाभराचं काम आहे. डोनटच्या दुकानाचं कूपन मिळेल."

बेरिलने पिवळ्या रेषेमागची खुर्ची पाहिली, खुर्चीवरचा नवरा पाहिला. "ह्यानं काय करायचं?"

"गप्प बसायचं. एक शब्द बोलले तर सगळं बाद."

"किती वेळ?"

"तुमचं काम होईपर्यंत."

बेरिलने कोटाची बटणं सोडली. "मग करते की," ती म्हणाली. "सावकाश करते."

टॅम्सिन वही घेऊन स्टुलावर बसली. चाचणी देणारा जे बोलेल ते जसंच्या तसं लिहून घ्यायचं, शिव्यांसकट, हे तिचं काम. बेरिलने टॅम्सिनने दिलेला फोन कोटाखालच्या एप्रनच्या खिशात टाकला, खोकं फोडलं, आणि खिशातून ऑर्व्हिल बोलू लागला.

"पायरी पहिली. वापरकर्त्याने सर्व भाग मोकळ्या जागी मांडून घ्यावेत."

"हा वापरकर्ता कोन?" बेरिलने खिशाला विचारलं. "हितं तर मीच हाय. बरं, मांडते. पुढं बोला, सायेब."

रेषेमागच्या ऑर्व्हिलच्या कानात कुणीतरी दिवा लावल्यासारखं झालं. घरात इतके दिवस ज्या आवाजाला 'हो' आणि 'नाही' यापलीकडे काही मिळत नव्हतं, त्या आवाजाला ती उत्तर देत होती.

"पायरी दुसरी. दांड्याचे दोन्ही बोल्ट हाताने घट्ट करावेत, पान्याने नव्हे."

"हातानं तर हातानं. माझ्या राजा, तू लई सांभाळून बोलतोस, पन बोलतोस बरं."

गॉर्ड हसला. टॅम्सिनचं पेन चाललं होतं. बेरिलने दांडा बसवला, तोही पहिल्या फटक्यात. ऑर्व्हिलला स्वतःच्या वाक्याचा अभिमान वाटला आणि मग ती ज्या सराईतपणे गुडघा टेकून बसली होती त्याचाही वाटला. याआधी तो कधी वाटला होता हे त्याला आठवेना.

मग बर्फ बाहेर फेकणाऱ्या नळीची पायरी आली, आणि घोटाळा झाला.

"या भागाला शूट म्हणतात," खिशातला ऑर्व्हिल सांगू लागला. "स्पेलिंगच्या सुरुवातीला च दिसला तरी उच्चार श असा करावा. हा शब्द मूळचा फ्रेंच असून इंग्रजीत तो–"

बेरिल ती जड नळी दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी होती. बाहेर बर्फ पडायला लागला होता.

"–वाचकाने असेही लक्षात घ्यावे की दाब मोजायच्या यंत्राच्या नावात यू हे अक्षर लिहिले जाते, पण–"

"अरे बाबा!" बेरिल ओरडली. "श असू दे नाहीतर च असू दे, हे धूड बसवायचं कुठं ते सांग की! हात मोडले माझे! तू मानूस हायेस का शाळा?"

गॉर्ड भिंतीकडे तोंड करून खांदे हलवत होता. ऑर्व्हिल लाल झाला. नळी कुठे बसते ते त्याच्यापासून तीन हातांवर दिसत होतं, बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. फोनमधला ऑर्व्हिल यू अक्षराचा इतिहास संपवून अखेर म्हणाला, "नळी मधल्या कड्यावर बसवावी."

"हे आधी सांगितलं असतंस तर जीभ झिजली असती व्हय?" बेरिलने नळी कड्यावर आपटली. ती बसली.

पुढे तेल ओतायची पायरी. तेल खाली उतरेपर्यंत थोडा वेळ थांबावं, असं सांगून फोन गप्प झाला. बेरिल उलट्या खोक्यावर बसली आणि तिने चिंधीला हात पुसले.

"इंजिन म्हनलं की मला आमच्या बाबांची होडी आठवते," ती टॅम्सिनला म्हणाली. "सांगू का? का लिहून घेताना हात दुखंल?"

"सांगा, सांगा," टॅम्सिन म्हणाली.

"बाबांना वाचता येत नव्हतं. मी आठ-नऊ वर्षांची आसंन. त्यांच्याबरोबर मासे धरायला गेले, आनि धुकं असं आलं की स्वतःची बोटं दिसंनात. त्यात इंजिन बंद. बाबा म्हनाले, पोरी, तेवढं डब्यातलं पुस्तक काढ आनि वाच."

ऑर्व्हिलचे ओठ हलले. ते तीस वर्षांच्या सवयीने आपोआप हलले. टॅम्सिनने मान वर करून त्याच्याकडे बघितलं, गॉर्डने बघितलं. ऑर्व्हिलने आपला हातमोजा काढला आणि तोंडात कोंबला.

"मी वाचाया लागले. काय ते शब्द! कार्बुरेटर मला म्हनता येईना, मी म्हनायची कारबुरडं. ते कारबुरडं उघडा. ते कारबुरडं फुंका. बाबा म्हनायचे, बरं, पुढं. मी चुकीचं वाचायची, ते बरोबर करायचे. मग पुस्तकात आलं, पानी काढून टाका. आमच्या इंजिनात पानी कुठलं? बाबा म्हनाले, पुस्तकात लिहिलंय म्हनजे आसंन. एक नळी सोडली, तर खरंच त्यातनं पानी निघालं, पेट्रोलमधी साचलेलं. दोरी ओढली. इंजिन धडधड चालू!"

"मग?" गॉर्ड म्हणाला. तो केव्हाच येरझाऱ्या सोडून समोर उकिडवा बसला होता.

"मग काय, घरी आलो. बाबा सगळ्या वस्तीला सांगत सुटले, आमच्या पोरीनं वाचलं म्हनून आमी वाचलो. आईनं पुस्तक हातात घेऊन बघितलं. तवा आई म्हनाली, अवो, हे पुस्तक होडीचं न्हाई. हे माझ्या कपडे धुवायच्या यंत्राचं हाय!"

गॉर्ड खाली बसला तो थेट सिमेंटवर. टॅम्सिनने वहीत तोंड खुपसलं. आणि रेषेमागे ऑर्व्हिलचं अंग गदागदा हलत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हातमोजा दातांत गच्च धरलेला होता आणि घशातून येणारा आवाज तो जिवाच्या करारावर आत ढकलत होता. चर्चच्या जेवणात याच ठिकाणी त्याने तिला तोडलं होतं. सगळं टेबल असंच हसलं असतं. पाद्रीबुवांचा बटाटा काट्यावरून पडला असता. आणि ती त्या हशाच्या मधोमध बसली असती.

"पन बाबा म्हनाले," बेरिल चिंधीची घडी करत हळूच म्हणाली, "पुस्तक कशाचं का आसंना, पोरगी वाचते गोड. तेवढं मला आजवर एकट्या त्यांनीच म्हनलंय."

ऑर्व्हिलचं हसू थांबलं. त्याने हातमोजा तोंडातून काढला नाही. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि ही गोष्ट त्याने निदान दहादा अर्धी ऐकली होती. आपण किती मूर्ख आहोत हे त्याला एका खुर्चीवर, स्वतःच्याच धंद्याच्या नियमाखाली बसून कळलं, आणि त्याला फार वाईट वाटलं.

खिशातला फोन जागा झाला. तेल तपासा, चोक ओढा, दोरी ओढा. बेरिलने यंत्र अंगणात ढकललं, पाय रोवले आणि दोरीला हिसका दिला. पहिल्याला नाही, दुसऱ्याला यंत्र गरजलं आणि त्याने बर्फाचा फवारा गॉर्डच्या गाडीच्या काचेवर मारला. बेरिलने तोंडाने "हॅऽऽऽ!" केलं, आणि टॅम्सिनने तेही लिहून घेतलं.

"पास," गॉर्ड म्हणाला. "ऑर्व्हिल, ते उच्चारांचे धडे तेवढे उडव. अर्धा तास वाचेल आणि बायका नळ्या फेकून मारणार नाहीत. बाकी झकास. विचार तुझा प्रश्न."

ऑर्व्हिल उठला. त्याने प्रश्न काल रात्रीच ठरवून ठेवला होता: तेलाच्या पायरीतला 'थोडा वेळ' हे शब्द स्पष्ट वाटले का? त्याने तोंडातला ओला हातमोजा काढला. तो पिवळी रेष ओलांडून बेरिलसमोर जाऊन उभा राहिला आणि ठरवलेला प्रश्न त्याच्या डोक्यातून निघून गेला.

"बेरिल," तो म्हणाला, "तू परत येणार आहेस का?"

यंत्र गुरगुरत होतं. गॉर्डने ते पुढे होऊन बंद केलं.

"हा प्रश्न यंत्राबद्दलचा नाही," तो म्हणाला.

"तसं नियमात कुठे आहे?" टॅम्सिन म्हणाली आणि तिने पेन सरसावलं.

बेरिलने नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या मिशीला हातमोज्याची लोकर चिकटली होती. तिने हात पुढे करून ती काढली.

"तिथं ग्लॅडिस हाय, तिचा नवरा हाय, शेजारपाजार हाय, आनि सगळी माझ्यासारखीच बोलतात," ती म्हणाली. "दिवसभर बोलतात. दोन आठवडे तिथं बसून नुसतं ऐकता येईल का तुला? येत असंल तर स्वतःचं तिकीट काढ, आनि परतीची दोन काढ. न्हाई येत, तर मग मी काय सांगू?"

ऑर्व्हिलने तोंड उघडलं. उत्तरावर वाद घालायचा नाही, हा नियम त्याला आठवला, आणि त्याने तोंड मिटलं. त्याने होकारार्थी मान हलवली. ती इतक्या जोरात हलवली की टोपी बर्फात पडली.

मागून टॅम्सिनचा आवाज आला. कामाचं माणूस, तिला वही पुरी करायची होती. "ऑर्व्हिल, एवढं सांगा, 'दोन आठवडे' मधले दोन आकड्यात लिहू की अक्षरात? तुमच्या नियमात कसं आहे?"

ऑर्व्हिल टोपी उचलत होता.

"कसंही लिही," तो म्हणाला, आणि विमान कंपनीचा नंबर शोधायला आत पळाला.